सहा म्हणजे सहा

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सरांइतका भित्रा माणूस अख्ख्या नेरूळमध्ये दुसरा नसेल, आणि हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मी स्वतः कुकरच्या शिट्टीला दचकणारी बाई आहे. सर पालीला घाबरत, लिफ्टला घाबरत, भरलेल्या सिलिंडरला घाबरत आणि रिकाम्याला त्याहून जास्त, कारण तो रिकामा आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार? बेल वाजली की आधी साखळी, मग फटीतून एक डोळा, मग "कोण आहे?" आणि आपण नाव सांगितलं की "कशावरून?" पण या सगळ्या किरकोळ भीती झाल्या. त्यांची घाऊक भीती एकच होती, की एक दिवस आपलं सगळ्यांचं राज्य जाईल. राज्य म्हणजे आमची चार मजल्यांची, भिंतींना ओल आलेली हाउसिंग सोसायटी.

सरांचा जन्म गेला नागरिकशास्त्र शिकवण्यात. रिटायर झाले तरी शाळा सुटली नाही, ती फक्त जिन्यात आली. त्यांच्या दारावर संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली, चपला काढता काढता पाहुण्यांची वाचून व्हावी म्हणून. घरात चहाला बसलं की म्हणत, "आमच्याकडे संसदीय पद्धत आहे, ताई. राष्ट्रपती मी, पंतप्रधान ही. मी फक्त सही करतो." आतून त्यांच्या मिसेस म्हणत, "सहीसुद्धा मीच करते, यांचा हात थरथरतो." खालचं पार्किंग त्यांच्या मते शुद्ध सरंजामशाही होती, कारण पहिल्यांदा राहायला आलेल्यांनी जागा वतनासारख्या धरून ठेवल्या होत्या. एकदा पाणी आलं नाही म्हणून मी कुरकुरले, तर मला थांबवून म्हणाले, "गच्चीवरची टाकी हा समाजवाद. तुमच्या समोरच्यांनी पाइपाला गुपचूप लावलेली मोटर ही भांडवलशाही." म्हटलं, मग माझ्या नळाला येतं ते काय? "ती हवा. ती सगळ्यांना सारखी मिळते." सारसोळ्याहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशीलाही त्यांनी मागणी आणि पुरवठा समजावायला घेतला होता. तिने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "मास्तर, खाडीत तुमी जावा, मंग भाव मी उतरवीन. मावरा घ्यायचा हाय का नाय?" सरांनी घाबरून तिच्याच भावाने घेतला, वर बोंबील जास्तीचे.

आता आमच्या सभांची रीत सांगितली पाहिजे. नोटिशीत सहा वाजता लिहितात. सहाला कोणी येत नाही. पुरेशी माणसं नाहीत म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, आणि साडेसहाला जितकी असतील तितक्यांत चालते, असा नियमच आहे. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात सहा म्हणजे साडेसहा, हे पक्कं. एकटे सर पावणेसहाला खालच्या सोसायटी ऑफिसात येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसत. आम्ही जाम हसायचो. मी एकदा विचारलंच, एवढी घाई कसली? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा गावची गोष्ट काढली. "मराठवाड्यातलं आमचं गाव. सभा व्हायची, पण आमच्या वस्तीला दुसऱ्या दिवशी कळायचं. एकदा सकाळी वडील पाण्याला गेले, तर वाटेवर कुंपण. काल ठरलं, गाववाले म्हणाले. सगळ्यांनी ठरवलं." मग म्हणाले, "त्या सगळ्यांत आम्ही नव्हतो." त्यानंतर मी पावणेसहावर हसले नाही.

मग आमच्या जिन्यातला स्लॅबचा तुकडा पडला. भर दुपारी पडला, कोणाला लागलं नाही, पण आवाज असा झाला की मी हातातलं ताट टाकलं. त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये भीती राहायला आली. लोक भिंतीकडे बघत जिना चढायला लागले. आमचे सेक्रेटरी माणूस मोठा गोड, अडीअडचणीला धावणारा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जिन्याला लोखंडी टेकू लावले. तिसऱ्या दिवशी कॅमेरे. मग अफवा नकोत म्हणून ग्रुपवर फक्त ॲडमिन बोलू शकतील असं केलं. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की सेक्रेटरींबद्दल बोलताना मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते. मग सभेची नोटीस आली. बिल्डिंग पाडून नवी कोणाला बांधायला द्यायची, कधी खाली करायची, नवी घरं कोणाला कुठे, हे सगळं सेक्रेटरींनी एकट्याने ठरवावं, सभासदांना पुन्हा विचारायची गरज नाही, असा ठराव. सर नोटीस घेऊन आमच्याकडे आले. "ताई, हुकूमशहा दार फोडून येत नाही. आपण घाबरतो आणि आपणच त्याला किल्ली देतो. मी आयुष्यभर घाबरलोय, मला ही वाट माहीत आहे."

सभेच्या दिवशी साडेपाचलाच बेल वाजली. दारात सर. "चला. एकट्याला भीती वाटते." गेलो. आणि बघते तर काय, सहाच्या ठोक्याला सेक्रेटरींची माणसं ओळीने आत आली. नियमाला लागतात तेवढी बरोबर. तहकुबी नाही, काही नाही. बाकीचं राज्य वर चहा पीत होतं, कारण सहा म्हणजे साडेसहा. सेक्रेटरी हसून म्हणाले, "चला, वेळेवर सुरू करू या. ठराव मंजूर?"

"मला बोलायचंय," सर उभे राहिले. खुर्चीची पाठ धरली होती, ती खुर्ची हलत होती.

"दोन मिनिटं, सर."

"शासनाचे प्रकार," सर म्हणाले, "प्रामुख्याने पुढीलप्रमाणे."

आणि त्यांनी राजेशाही काढली. राजा चांगला असला तर काय, राजाचा मुलगा वाईट निघाला तर काय. तिथून उमरावशाही, तिथून मूठभरांची सत्ता, मूठभर कसे जमतात आणि किती वाजता जमतात. कोणी खाकरलं, कोणी टाळ्या वाजवल्या, एकजण उठून अंगावर आल्यासारखा आला. सरांचा चेहरा पांढराफटक पडला, पण तोंड थांबलं नाही. नववी ब ला शेवटचा तास घेतलेल्या माणसाला टाळ्यांनी कोण बसवणार? मला तेवढ्यात सुचलं. ग्रुपवर तोंड बंद, म्हणून नवऱ्याला फोन लावला आणि पदराआड म्हटलं, "मॅच बंद कर. प्रत्येक दार वाजव. सभा चालू झाली."

सर हुकूमशाहीवर होते तेव्हा जिन्यात चपला वाजल्या. गाऊनवर ओढणी घेतलेल्या, हाताला कणीक लागलेली, अर्धी दाढी केलेला एक, सगळे आत यायला लागले. सरांनी वर पाहिलं, चष्मा पुसला. "लोकशाही," म्हणाले. "या, बसा."

ठराव पडला. प्रत्येक निर्णय सगळ्यांपुढे यायचा असं ठरलं. बाहेर आल्यावर सर पायरीवरच बसले. पाणी दिलं तर अर्धं अंगावर सांडलं. "मारतील वाटलं होतं, ताई," म्हणाले. मी त्यांचा हात धरून बसले.

आता ते उरणजवळ द्रोणागिरीला लेकीकडे असतात. बिल्डिंगचं ठरवणं अजून चालूच आहे, सभाही होतात. लोक दोनदा सहाला आले, मग पुन्हा साडेसहाला यायला लागले. दाराजवळच्या खुर्चीत मी बसते. मिसेस फोनवर सांगतात, सरांना हल्ली आठवत नाही फारसं. पालीला घाबरत नाहीत, बेल वाजली की धावत जाऊन दार सताड उघडतात, कोणीही असो. हे ऐकलं आणि मला जेवढी भीती वाटली तेवढी स्लॅब पडला तेव्हाही वाटली नव्हती.

परवा मी फोन केला. मी कोण ते त्यांना कळेना. नाव सांगितलं, मजला सांगितला, "कशावरून?" असंही त्यांनी विचारलं नाही. नुसतं हं, हं. त्या दिवशी खरंच सभा होती, म्हणून म्हटलं, "सर, आज सभा आहे."

हं, हं थांबलं. मग म्हणाले, "किती वाजता?"

"सहाला."

"मग तुम्ही अजून घरी कशा?"

घड्याळात पाच वाजले होते. मी डोळे पुसले आणि चपला घातल्या.