दोन मापं लहान

लग्नघरी कासारीण बांगड्या भरत होती. माझी एकोणीस वर्षांची भाची मुक्ता पुढे बसली. तिचा हात दाबावाच लागला नाही. कासारणीनं दोन मापं लहान जोड काढून चढवला.

"किती नाजूक गं हात!" शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या.

वाटलं, त्यांना गप्प बसवावं. पण कुठल्या तोंडानं?

मी तो हात हातात घेतला. गार होता. डॉक्टर म्हणतात, अन्न टाळत जाण्याच्या या आजाराला एकच कारण नसतं. काही रक्तातून येतं, काही स्वभावातून, काही कानांवर पडलेल्या शब्दांतून. तिची आई, माझी बहीण, जन्मभर पानातली अर्धी पोळी परत ठेवत आली. एक मार्क कमी पडला तरी मुक्ता रडायची. आणि दहाव्या वर्षी तिला भरल्या पंगतीत 'ढब्बू' म्हणणारी मावशी मीच. तेव्हा सगळे हसले होते. तीही हसली होती.

मुक्तानं हात खाली सोडला, तशी ती लहान बांगडीसुद्धा घरंगळून सतरंजीवर पडली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. शाळेत पहिला नंबर आला की हसायची, अगदी तशीच.