माझ्या घराची मीच केलेली बदनामी

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर आमची कुंदा तिच्या पद्धतीने सांगेल आणि बायकोच्या तोंडून ऐकलं की माझी उरलीसुरली अब्रूही जाईल. तर मी माझ्याच घराची बदनामी केली. तीही पुराव्यासकट.

सेलूला आमचं घर. मागच्या दोन खोल्या मेश्राम सरांना दिलेल्या. सर शाळेत शिकवतात, भाडं साडेचार हजार. मनात आलं, माडीवर आणखी दोन खोल्या काढाव्यात, कर्ज घ्यावं आणि हप्ता भाड्यातूनच फेडावा. बँक म्हणाली, आमचा माणूस गुरुवारी घर आणि भाडं बघून जाईल, मग मंजुरी. मला कुठला दम! विटा आधीच उतरवून घेतल्या, लोखंडाला विसार दिला. कर्ज अडलं असतं तर कुंदाच्या बांगड्या गेल्याच समजा.

त्याच आठवड्यात गल्लीत बातमी आली की घरपट्टी वाढवायला मोजणीवाले फिरताहेत, आणि भाडेकरू दिसला की जास्त लावतात. मंगळवारी दारात एक माणूस उभा. हातात टेप, काखेत फाईल. म्हणाला, "घर मोजायचं आहे." आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

"या साहेब," मी म्हटलं, "पण मोजून काय करता? घर कायचं, खुराडं हाय हे."

"भिंती कशा आहेत?"

"हात लावला तं पोपडे पडते." दाखवायला म्हणून मी भिंतीवर बुक्की मारली. काही पडलं नाही. दुसरी जोरात मारली. हात सुजला.

"गळतं का कुठे?"

इथे तरी माघार घ्यायची नव्हती. मी त्यांना मागे नेलं आणि सरांच्या न्हाणीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. तीन वर्सांपासून टपकून राह्यलं."

"आणि भाडं?"

"अशा खोलीचं कोण भाडं देते साहेब? आठशे रुपये. ते बी मर्जी झाली तं."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. मी खूश. जाता जाता विचारलं, "साहेब, घरपट्टी कितीक बसन?"

"कसली घरपट्टी? मी बँकेकडून आलोय. इकडे दुसरं काम होतं, म्हटलं तुमचंही आजच उरकू."

कुंदा दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघत हातातल्या बांगड्या मागे सारल्या.

"तसं नाई साहेब, घर मजबूत हाय. भाडं साडेचार हजार हाय."

"पाच मिनिटांत आठशेचे साडेचार हजार?"

मागे वळून पाहतो तर मेश्राम सर. शाळेतून कधी आले, किती ऐकलं, देव जाणे. "सर, सांगा ना साहेबाले," मी म्हटलं. आवाज रडका झाला होता. सर आठशे म्हणाले असते तरी मला बोलायला तोंड नव्हतं.

सरांनी शांतपणे मोबाईल काढून दाखवला. "साडेचार हजार, साहेब. दर महिन्याले पाठवतो."

"आणि भिंतीचं मी बरोबर लिहिलंय," साहेब हसले. "मालकाने दोन बुक्क्या घातल्या, पोपडासुद्धा पडला नाही. माझ्याकडून कर्ज अडणार नाही."

काय मोकळं वाटलं म्हणता! साहेब गेले तसे मी सरांचे दोन्ही हात धरले. "सर, वाचवलं तुमी. चहा घ्या."

"घेतो ना काकाजी," सर म्हणाले. "पण त्या कोपऱ्याचं मी तीन वर्सांपासून सांगून राह्यलो. दर वेळी तुमी येता, वर पाहता अन् म्हणता, 'कुठं सर, मले तं काईच दिसत नाई.' आज कसं दिसलं?"

मी चहा आणायला आत पळालो.

कर्ज मंजूर झालं, सिमेंट आलं, आणि पहिलं पोतं फुटलं ते सरांच्या न्हाणीत. मिस्त्रीने विचारलं, नेमकं गळतं कुठे?

कुंदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यायले विचारा. यायले तोंडपाठ हाय."