एकतीस भाडेकरू आणि साडेनऊची गाडी

तो सप्टेंबरातला गुरुवार होता. रक्कम बारा लाख चाळीस हजार. परभणीतल्या आमच्या पोलीस ठाण्यात माझ्या टेबलासमोर तिघे बसले होते: समाजकल्याण कार्यालयातील निरीक्षक, सत्तरीचे एक घरमालक आणि त्यांची सून. ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बाहेरगावच्या विद्यार्थ्याला खोलीभाड्यासाठी सरकारी भत्ता मिळत असे. महिना चार हजार, दहा महिन्यांचे चाळीस हजार. अर्जाला भाडेकरारनामा जोडावा लागे. निरीक्षकांना एकतीस करारनामे एकाच पत्त्याचे आढळले. पैसे अजून वाटले गेले नव्हते, हे त्यातल्या त्यात बरे.

घरमालक म्हणाले, "साहेब, दोन खोल्यांचं घर हाय माझं. त्यात ही सून मला कोपऱ्यात बसवती. एकतीस लेकरं कुठं निजवू?"

"मामंजी, साहेबांसमोर तरी नीट बोला," सून पुटपुटली.

घरमालकांनी वृद्धापकाळ वेतनाच्या अर्जासाठी एका ऑनलाइन सेवा केंद्रात आधार कार्ड आणि वीजबिलाची झेरॉक्स दिली होती. तेवढा धागा पुरला. केंद्रचालकाला बोलावले. दोन तास तो "मला काय बी माहीत न्हाई" म्हणत राहिला. त्याच्या संगणकातले एकतीस मसुदे समोर ठेवल्यावर म्हणाला, "साहेब, घरमालक लिहून देत न्हाईत. पोरांनी कुठं जावं? मी नुसती सोय केली." सोयीचे त्याने प्रत्येकी दीड हजार घेतले होते. एकूण साडेशेचाळीस हजार.

गुन्हा नोंदवला आणि विद्यार्थ्यांचे जबाब सुरू केले. एकतीस जणांचे उत्तर एकच: "मी खरंच खोली करून राहतो, पण मालक करार करून देत नाही." एकच वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकले की पोलिसाला ते पढवलेले वाटते. मलाही वाटले. सर्व अर्जदार बनावट आहेत, असा अहवाल मी कच्चा लिहूनही ठेवला.

शनिवारी सकाळी राणीसावरगावची एक मुलगी वडिलांबरोबर आली. बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष. वडील मेंढ्या राखणारे. खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत.

"साहेब, एकच सांगा. पोरीनं खोटं केलं का? केलं असंल तर आजच गाडीत बसवतो. कॉलेज बंद, खोली बंद."

मुलगी खाली बघत होती. करारनाम्यावरची सही तिचीच होती.

मी म्हणालो, "कागद खोटा आहे. राहणं खरं आहे का, ते मला अजून कळलेलं नाही. चार दिवस थांबा."

"चारच दिवस," ते म्हणाले.

महिला हवालदार तिचा पुरवणी जबाब लिहू लागल्या, पण मुलीचे लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"कुठं जायचंय का गं?" त्यांनी दटावले.

"मॅडम, साडेनऊला गंगाखेडवरून गाडी येती. आईनं डबा दिलेला असतोय. उतरून ठिवत्यात अन् कुत्री तोंड घालत्यात."

मी लेखणी खाली ठेवली. गावाकडची भाकरी एसटीने शहरात शिकणाऱ्या मुलांना येते, हे मला नवे नव्हते. त्याचा तपासाशी संबंध मात्र तोवर जोडला नव्हता. जो घरी जेवतो, त्याला कोण डबा पाठवील?

सोमवारपासून तीन सकाळी आम्ही साध्या कपड्यांत बसस्थानकावर थांबलो. कापडी पिशव्यांत स्टीलचे डबे उतरत. झाकणावर रंगाने नाव आणि गाव. आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, आरोपींची ओळख परेड लय केली. डब्यांची पहिल्यांदाच करायलोय." यादीतली अकरा नावे डब्यांवर सापडली. आणखी चौघांची खानावळीच्या वहीत रोज हजेरी होती. उरलेले सोळा जण झरी, पिंगळी अशा जवळच्या गावांतून रोज ये-जा करणारे. एकाच्या खिशात पिंगळीचा रेल्वे पास निघाला.

"मामाचा हाय, साहेब."

"मग मामाच्या पासवर फोटो तुझा कसा?"



डब्यांच्या मागे गेलो, तशा खऱ्या खोल्या आणि खरे मालकही सापडले. त्या मुलीची घरमालकीण एका कारकुनाची पत्नी. "लिहून दिलं की खोली हातची जाते, असं आमचे हे म्हणतात," त्या म्हणाल्या. अकरा महिन्यांच्या कराराने खोली जात नाही आणि भाडेकरूची माहिती ठाण्यात न देणे हाच दोष आहे, हे समजावल्यावर त्यांनी करार करून दिला.

बुधवारी वडील आले. मी पंचनामा वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हंजे आईच्या डब्यानं सोडवली म्हना की." आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसले. मुलगी शिकायला परभणीतच राहिली.

केंद्रचालकावर दोषारोपपत्र गेले. सोळा अर्ज बाद झाले. पंधरा जणांना खऱ्या करारासह नवा अर्ज करू दिला, पण भत्ता नव्या कराराच्या तारखेपासूनच मोजला गेला. तीन महिने बुडाले. खोट्या कागदाची तेवढी किंमत त्यांना द्यावीच लागली, आणि माझ्या मते ते योग्य होते. मी मात्र त्या दिवसापासून सारखे उत्तर देणाऱ्यांना एकत्र मोजणे सोडले. पंधरा जण खरे बोलत होते आणि सोळा जण त्यांचेच वाक्य वापरत होते.

फेब्रुवारीत त्या मुलीच्या खात्यात सात महिन्यांचे अठ्ठावीस हजार जमा झाले. घरमालकीण चार महिने भाड्यासाठी थांबल्या होत्या. त्यांना अठराशेप्रमाणे सात हजार दोनशे दिले गेले. "पावती कशाला गं, मी काय परकी हाय का?" असे त्या म्हणाल्या म्हणे. मुलीने पावती घेतली आणि मगच पैसे हातावर ठेवले.