भोंग्याच्या जागी वहिनी

वहिनींच्या नवऱ्याचं घरातलं नाव मौनीबाबा. ते ठेवलं होतं त्यांच्याच सख्ख्या बहिणीनं, त्यामुळे त्यात बायकोचा आकस वगैरे काही नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या माथ्यावर, मशीनच्या खोलीत एकटे. संध्याकाळी घरी आले की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि जेवायला बसायचे. ताट रिकामं होईपर्यंत ‘हं’ आणि ‘वाढ थोडं’ यापलीकडे तोंडातून अक्षर निघायचं नाही. भांडायची सोय नव्हती. टाळीला दुसरा हात लागतो, आणि यांचा दुसरा हात भातात.

मग घरातलं सगळं बोलणं वहिनींच्या वाट्याला आलं. त्यांना विषयांचा तोटा नव्हता. त्या एका पडद्यांच्या दुकानात कामाला होत्या. घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड बेतायचं, शिवायचं आणि पुन्हा जाऊन शिडीवर चढून टांगून द्यायचं. पाहुणे यायचे म्हटले की लोक घर आवरतात. माप घेणारी बाई आली तर कोणी पलंगावरची चादरसुद्धा सारखी करत नाही. तिच्यासमोर भांडतात, रडतात, सासूची नक्कल करतात. त्यामुळे वहिनी रोज घरी येताना एक तरी गोष्ट घेऊन यायच्या आणि ताटावर वाढायच्या.

एकदा त्यांनी सांगितलं, “आज एका आजोबांकडे गेले होते. आतली खोली, चारी बाजूंनी भिंती. म्हणाले, या भिंतीला पडदा लावायचाय. मी म्हटलं, खिडकी कुठाय? तर म्हणाले, नाहीये म्हणूनच तर पडदा हवाय! सकाळी उघडीन, संध्याकाळी लावीन. मी म्हटलं, माप काय घेऊ? म्हणाले, बाहेरचं जेवढं दिसायला हवं तेवढं घ्या.”

एवढं सांगून वहिनी थांबल्या. निदान हसतील, निदान मान वर करतील. मौनीबाबांनी घास गिळला आणि ताटाकडे बघत विचारलं, “रंग कोणता?”

“निळा.”

“हं.”

तेवढंच. अधूनमधून असा एखादा प्रश्न ते टाकायचे. ‘रंग कोणता?’ नाहीतर ‘मग ती बाई काय म्हणाली?’ वहिनींना वाटायचं, माझं मन राखायला विचारतात बिचारे. चिडल्या की मात्र त्या लेकीला म्हणायच्या, “तुझ्या बाबांपेक्षा भिंतीशी बोलले असते तर निदान पाल तरी चुकचुकली असती.”

वर्षातून एकदा मौनीबाबा एक छोटी बॅग भरायचे आणि तीन मित्रांबरोबर फिरायला जायचे. ट्रेनिंगच्या वेळचे मित्र. दर वर्षी नवं शहर. कोणी बायको-मुलं आणायची नाहीत हा त्यांचा दंडक होता. परत आले की वहिनी विचारायच्या, “कशी झाली ट्रिप?” उत्तर ठरलेलं, “बरी.”

मग एका सकाळी, बूट घालता घालता, ते गेले. तेही न बोलता.

पुढल्या ट्रिपचे दिवस आले तेव्हा वहिनींना एका बाईचा फोन आला. त्या चौघांत एक बाईच होती, ट्रेनिंगच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. आता तिचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि सगळे तिला अक्का म्हणायचे.

“वहिनी, आम्ही तिघांनी ठरवलंय. यंदा भोंग्याच्या जागी तुम्ही यायचं.”

“कोणाच्या जागी?”

“भोंग्याच्या हो!”

“राँग नंबर लागलाय तुमचा,” असं म्हणून वहिनींनी फोन ठेवला.

तो पुन्हा वाजला. अक्का हसत होती. “अहो, तुमच्या नवऱ्यालाच भोंगा म्हणायचो आम्ही! तो बोलायला लागला की आम्हाला पाणी प्यायलासुद्धा सवड मिळायची नाही. हॉटेलवाले येऊन हात जोडायचे, आवाज कमी करा म्हणून. तुम्हाला ठाऊक नाही होय?”

वहिनी त्या संध्याकाळी कढई घासत राहिल्या. घासली तीच पुन्हा घासली. लेक म्हणाली, “आई, जाच तू. तपास करून ये.”

“कसला तपास?”

“बाबांचा.”

लेक गमतीनं बोलली होती, पण वहिनींच्या काळजात ते रुतलं. मुका माणूस मिळाला असता तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण भोंगा? एवढा आवाज अंगात असलेल्या माणसाचा आवाज घरात कोणी बंद केला होता? मी? हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांनी बॅग काढली. नवऱ्याचीच, ती छोटी.

गाडीत समोरच्या बाकावर उरलेले दोघे बसले होते. एक टकलू. रंगाचं दुकान चालवायचा आणि स्वतःच्या टकलावर स्वतःच विनोद करायचा, दुसऱ्यांना संधी मिळू नये म्हणून. दुसरा डॉक्टर. हा फ्रिज दुरुस्त करायचा. पण फ्रिजला कान लावून, डोळे मिटून ऐकायचा, म्हणून डॉक्टर.

“वहिनी, आपले नियम ऐकून घ्या,” टकलू म्हणाला. “पार्टी दुपारी चारला सुरू. पूर्वी रात्रभर चालायची, आता सगळ्यांना वेळेवर गोळ्या घेऊन झोपायचं असतं. पहिला ग्लास भरला की प्रत्येकानं वर्षाचा एक किस्सा सांगायचा. आणि घरचं नाव काढायचं नाही. बायको, नवरा, पोरं, सासू, काही नाही. जो काढेल त्यानं सगळ्यांच्या बॅगा वाहायच्या.”

“ह्यांनी वाहिल्यात कधी?”

“भोंग्यानं? छ्या! कधी घरचा ‘घ’ काढला नाही पठ्ठ्यानं.”

टकलूनं हे कौतुकानं सांगितलं. वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या.

मग त्या तोंड धुवायला गेल्या आणि परत येताना दाराशीच थबकल्या. आतून टकलूचा आवाज येत होता, “काही म्हण, तिचे किस्से नाहीत म्हणजे ट्रिप अळणी.”

“हळू बोल!” ही अक्का. “वहिनींसमोर तिचा विषय काढलास तर जीभ हासडून हातात देईन.”

“पण अक्का, खरंच तसलं काही होतं का गं?” डॉक्टरनं विचारलं.

“देव जाणे. एका बाईचं इतकं बारीकसारीक कोणाला उगाच माहीत असतं का? ती काय म्हणाली, कशी हसली, कुठल्या शिडीवरून पडता पडता वाचली... आपल्याला काय करायचंय? माणूस गेला. आता झाकली मूठ.”

वहिनी आत येऊन बसल्या. अक्कानं पुढे केलेलं बिस्कीट त्यांनी खाल्लं. गोड होतं की खारं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

शहर मोठं होतं, उंच होतं, घाईत होतं. हॉटेलच्या गोल फिरणाऱ्या दारात वहिनी शिरल्या आणि विचारांच्या नादात आतल्या आत फिरून पुन्हा रस्त्यावर आल्या. टकलू म्हणाला, “वहिनी, भोंगा मुद्दाम फिरायचा असा! दरवान बाहेर काढेपर्यंत.” लिफ्टमध्ये शिरल्यावर डॉक्टर म्हणाला, “कुठल्याही लिफ्टमध्ये शिरला की तो दोर कोणत्या आवाजात रडतोय ते सांगायचा, गाऊन.” आणि रस्त्याच्या कडेला एक पोरगा गिटार वाजवत होता, तिथे अक्का थांबली. “असं काही दिसलं की तो नाचायला लागायचा. भर चौकात. ओळखीचं कोणी नाही ना, म्हणायचा, मग झालं तर.”

“नाचायचे?”

“म्हणजे काय! गुडघे असे, हात असे...” अक्कानं फुटपाथवर दोन पावलं टाकून दाखवली. एक सायकलवाला घंटी वाजवून गेला.

वहिनींनी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. कोपरापर्यंत साबण लावलेले ते हात, आणि असे वर? चित्र जुळेना. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्या कोणाबरोबर राहिल्या? भोंगा खरा असेल तर मौनीबाबा कोण होता? आणि ती शिडीवरची बाई, तिच्याशी हे कोणत्या तोंडानं बोलत होते, घरच्या की बाहेरच्या? रागवावं म्हटलं तर समोर माणूस नाही. रडावं म्हटलं तर कोणासाठी, हेच ठरेना.

खोलीत सामान टाकल्यावर अक्का चेहऱ्यावर पाणी मारत होती. वहिनींनी सवयीनं खिडकीचा पडदा उलटा करून बघितला. अस्तर नव्हतं, खालची दुमड आखूड होती, शिवण घाईची. “पैसे घेतले असतील मात्र पुरते,” त्या पुटपुटल्या. अक्कानं नळ बंद करून विचारलं, “काही म्हणालात?” वहिनी म्हणाल्या, “नाही.”

चार वाजता सगळे गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्ये जमले. वहिनींना भोंग्याच्या खुर्चीत बसवलं, भिंतीला पाठ करून, कारण तो तसाच बसायचा. सगळ्यांना हात हलवून सांगायला जागा लागायची म्हणे. त्याची ती उंच ग्लासातली बिअर त्यांच्यापुढे आली. वहिनींनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“आवडली का?” डॉक्टरनं विचारलं.

“कडू आहे. पण ठेवा.”

पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. बाजूचा लांबलचक पडदा ओढायला वेटर धडपडत होता. पडदा अर्ध्यावर अडला. वेटरनं हिसका दिला, तो आणखी अडला. शेवटी तो कंटाळून म्हणाला, “ही खिडकीच वाकडी आहे हो, काही उपयोग नाही.”

वहिनींना ते सहन झालं नाही. दुःख, संशय, बिअर, सगळं राहिलं बाजूला. त्या उठल्या, चपला काढल्या, खुर्चीवर चढल्या. पर्समधली सेफ्टी पिन दातात धरली, दांडीवरचे हूक बोटांनी चाचपले, दोन उलटे लागलेले होते ते काढून सुलटे लावले, एका तुटक्याच्या जागी पिन अडकवली आणि एका बोटानं पडदा सरकवला. तो सुर्रकन या टोकाचा त्या टोकाला गेला.

“खिडकीला नावं ठेवू नये रे बाबा,” त्या खुर्चीवरूनच वेटरला म्हणाल्या. “खिडकी कधी चुकत नाही. चुकतो तो माप घेणारा.”

त्या खाली उतरल्या, तर तिघेही त्यांच्याकडेच बघत होते. टकलूचा ग्लास ओठांशी तसाच राहिला होता.

“वहिनी,” अक्का अगदी हळू म्हणाली, “तुम्ही दुकानात आहात म्हणाला होतात. कसलं दुकान?”

“पडद्यांचं. का?”

“निळा पडदा,” टकलू म्हणाला. “भिंतीला निळा पडदा. खिडकी नसलेले आजोबा...”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“भोंग्यानं! अहो, दर वर्षी! ‘माझ्या ओळखीची एक पडदेवाली आहे’ असं सुरू करायचा आणि मग आम्ही पोट धरून...” त्यानं ग्लास खाली ठेवला. “‘खिडकी कधी चुकत नाही’ म्हणून तर आम्ही पहिला घोट घेतो. आज तुम्ही होतात म्हणून म्हटलं नाही.”

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. “आणि आम्ही काय काय समजलो!”

“मी ऐकलंय,” वहिनी म्हणाल्या. “गाडीत.”

अक्कानं चेहरा ओंजळीत लपवला. ती हसत होती की काय, कळेना. मग तिघेही एकदम बोलू लागले. कर्नलच्या घरातला आखूड पडदा आठवतो? दोन जावांनी एकाच खोलीत मधोमध लावून घेतलेला? शिडी घसरली तेव्हा पडदेवाली दांडीला लोंबकळत मालकिणीला काय म्हणाली, ते? प्रत्येक गोष्ट वहिनींची होती. शब्द त्यांचे, थांबायच्या जागा त्यांच्या. रंगसुद्धा बरोबर. कारण ते विचारून घेतले होते, ताटाकडे बघत.

म्हणजे ऐकत होते.

वहिनी बसल्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या पाठोपाठ असा राग आला की कान तापले. माझ्या गोष्टींवर बाहेर जाऊन टाळ्या घेतल्या, आणि मला एक हसू दिलं नाही? एक? आणि इकडे मी, भिंतीशी बोलतेय असं समजत बसले! आणि लगेच वाटलं, नियम होता ना. घरचं नाव काढायचं नाही. तो मोडला तर नाहीच, आणि दर वर्षी घरचंच घेऊन आले, बायकोला ओळखीची बाई करून. हे प्रेम म्हणायचं, चोरी म्हणायची, की चोरून केलेलं प्रेम? त्यांना ठरवता येईना. आणि नाच? तो तर त्यांच्याकडून नेलेला नव्हता. तो कुठून आला होता, हे आता कोण सांगणार?

“वहिनी, माफ करा,” अक्का म्हणाली.

“तुमची काय चूक? माप घेणाऱ्याची चूक.” आणि त्यांनी आणखी एक घोट घेतला. अजून कडूच होती.

टकलूनं घसा साफ केला. “मग, यंदाचा किस्सा? भोंग्याच्या खुर्चीत बसलाय, सुटका नाही.”

“घरचं बोलायचं नाही ना?”

“नाही. नियम म्हणजे नियम.”

वहिनींनी ग्लास जरा बाजूला सरकवला. हात हलवायला जागा हवी होती.

“माझ्या ओळखीचा एक लिफ्टवाला होता,” त्या म्हणाल्या.

टकलूनं मान खाली घातली. अक्का पुढे सरकली.

“दिवसभर लोकांना वर चढवायची सोय करायचा. संध्याकाळी घरी यायचा, कोपरापर्यंत हात धुवायचा, जेवायला बसायचा. त्याची बायको होती तोंडाळ. एकदा तिनं त्याला जीव ओतून एक गोष्ट सांगितली. सांगून झाली आणि बघत बसली त्याच्या तोंडाकडे, की आता हा काहीतरी म्हणेल.”

“मग?” डॉक्टरनं टेबलाकडे बघत विचारलं. “तो काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘वाढ थोडं.’”

गच्ची दणाणली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. वेटर हात जोडत येताना दिसला. वहिनी स्वतःही हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि पुढे काय सांगायचं ते त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं.

“थांबा,” त्या म्हणाल्या, “अजून संपलं नाही.”