पंख शिवणारे बसप्पा

ट्रकच्या सीटा शिवताना बसप्पा ड्रायव्हरच्या सीटमध्ये, त्याला न सांगता, तुळजापूरच्या अंगाऱ्याची बारकी पुडी शिवून टाकत. नळदुर्गला हायवेलगत त्यांचं सीटा-ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. विचारलं तर म्हणत, "गाडी शेटची आसंल, पन मानूस कुनाचा तरी बाप हाय न्हवं?"

मी निवृत्त वैमानिक. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं एक चिमुकलं विमान मी भंगारातून उचललं होतं. डोक्यावर पंख, खाली दोघांपुरती केबिन. पंख म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. धाराशिवच्या धावपट्टीजवळ एका शेडमध्ये ते ठेवलं आणि कापडासाठी बसप्पांना गाठलं. त्यांनी पंख चाचपला नि हसले. "ह्ये तर ताडपत्रीचंच काम, साहेब. फकस्त लई उंच जानार."

सत्तरी उलटलेली, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. चार महिने रोज एसटीनं यायचे. टीप वाकडी गेली की स्वतःलाच कानडीतून शिव्या घालायचे. मी घाई केली तर म्हणायचे, "कापूस सुदीक सा म्हैने घेतो. आपन कोन लागून गेलो?"

पंख रंगवून झाले, तपासनीस पास करून गेले, उड्डाणाचा दिवस ठरला. त्या आनंदात मी बसप्पांना केबिनमध्ये बसवलं आणि विमान वळवायचा दांडा हलवून दाखवला. "याच्या तारा पंखातून जातात. आत काही अडकलं तर विमान वळायचं नाही." बसप्पा लगेच खाली उतरले. चहाही न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ब्लेड घेऊन पंखाशी उभे होते. डोळे भरलेले. "चूक झाली, साहेब. तुमच्यासाठी हितं बी पुडी शिवली म्या."

पुडी पक्की टाचलेली होती, आणि मला उडायची घाई झाली होती. सांगायला आज लाज वाटते, पण मी म्हणालो, "राहू द्या हो, कुणाला कळतंय?"

"कुनाला न्हाय कळायचं. पन तुमी वर गेल्यावर मला खाली हुबं ऱ्हावंल का?"

त्यांनी पंख उसवला. पुडी काढली, पुन्हा शिवला. पुन्हा रंग, पुन्हा तपासणी. उड्डाण दोन महिने लांबलं.

बसप्पांना जाऊन आता वर्ष झालं. मला आठवतो तो उड्डाणाचा दिवस. मी बारा मिनिटं वर होतो. उतरलो तरी त्यांची मान आभाळाकडेच.

"खाली हुईना, साहेब," ते ओशाळून म्हणाले. "आखडली."

मग त्यांना पंखाच्या सावलीत बसवून मी कितीतरी वेळ त्यांची मान चोळत राहिलो.