जागा ठरवणारी माणसं

संग्राम गेल्याचं मला कळलं ते पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. शनिवारी सकाळी सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या मैदानावर तो मुलींना फुटबॉल शिकवायचा, त्या मुलींच्या आईवडिलांचा हा ग्रुप. माझी धाकटी तिथे वर्षभर जात होती, तेव्हापासून मी त्यात अडकून पडलेलो. ‘कोच संग्राम आज सकाळी ऑफिसमध्ये हार्ट अटॅकने गेले,’ एवढाच निरोप. मी त्या वेळी चांगी बिझनेस पार्कातच होतो, त्याच्या ऑफिसपासून दोन इमारती सोडून. थोड्या वेळापूर्वी अॅम्ब्युलन्सचा आवाज ऐकला होता आणि खिडकी बंद आहे ना, एवढं बघून पुन्हा कामाला लागलो होतो... निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मग एका आईने विचारलं, ‘सो सॅड. म्हणजे या शनिवारचं सेशन कॅन्सल का? आम्ही ट्यूशन पुढे ढकलली होती.’ तिच्या निरोपाखाली एका बापाने दुसऱ्या कोचचा नंबर टाकला. हा कोच म्हणे प्रत्येक मुलीची पोझिशन आधी पक्की करतो आणि मग अमेरिकेतल्या कॉलेजांच्या हिशेबाने तयारी करून घेतो. त्या नंबराला सात-आठ अंगठे मिळाले. माणूस अजून हॉस्पिटलातून बाहेर आला नव्हता.

काही आठवडे झाले आता. लोक म्हणतात, काळ जाईल तसं दुःख निवळतं. माझं दुःख मला अजून नीट सापडलेलंच नाही, कारण त्याच्या आधी दर वेळी शिसारी येते. संग्रामलाही ती फार चटकन यायची. त्याच्यासमोर एखाद्या मुलाबद्दल त्या मुलाच्या देखतच कुणी बोलायला लागलं, अभ्यासात कसा, अंगाने कसा, तर तो चमचा खाली ठेवायचा. “पोरगं समोर बसलंय की मर्दा,” एवढंच म्हणायचा आणि मग त्या माणसाशी जेवण संपेपर्यंत बोलायचा नाही. त्याच्या बायकोला, अपर्णावहिनींना, या स्वभावाची लाज वाटायची. मला गंमत वाटायची.

आम्ही दोघं एकाच कंपनीच्या वर्क पासवर सिंगापूरला आलो. मी ठाण्याचा, तो कोल्हापूरचा. बुकित पंजांगला एका फ्लॅटमधल्या शेजारशेजारच्या खोल्यांत पहिली दोन वर्षं काढली. कोल्हापुरात फुटबॉल काय असतो हे मला त्याच्याकडून कळलं... पेठापेठांचे संघ, मॅचच्या दिवशी बंद होणारी दुकानं, हरल्यावर रुसणारे आजोबा. त्याला लहानपणी विंगला खेळायचं होतं, कडेकडेने धावत सुटायचं होतं. तालमीतल्या एका वडीलधाऱ्याने एकदा त्याच्याकडे खालून वर बघितलं आणि म्हणाला, “उंच हाईस, हुभा ऱ्हा तितं.” तेवढ्यावर तो गोलकीपर झाला आणि खेळणं सुटेपर्यंत तिथेच उभा राहिला. चांगला होता म्हणतात. त्याला विचारलं तर सांगायचा, “गोलकीपरला मॅच दिसते रे. मिळत नाही.”

म्हणूनच असेल, शनिवारच्या मैदानावर त्याने कुठल्याच मुलीला कायमची जागा दिली नाही. पुढे खेळणारी थोड्या वेळाने मागे, मागची मधे, आणि गोलमध्ये सगळ्यांनी आळीपाळीने. पालक कुरकुरायचे. आमची मुलगी नेमकी कोण आहे, स्ट्रायकर की डिफेंडर, असं विचारायचे. “दहा वर्षांची आहे,” असं तो सांगायचा. त्याची स्वतःची मुलगी रेवा त्यांच्यातच वाढली आणि तिची जागा तिने आपली आपण शोधली. ती मिडफिल्डला खेळायची. चेंडू पायाशी यायच्या आधी ती दोन्हीकडे मान वळवून घ्यायची आणि मग चेंडू आला की कुठे द्यायचा हे तिला ठाऊक असायचं. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण रेवा खेळत असली की मैदानावर घाई कमी व्हायची, हे मलाही कळायचं.

पुढे रेवा ज्युनियर कॉलेजात गेली, बापाच्या उंचीवर गेली, आणि तेव्हाच त्या ग्रुपमध्ये डॅरेन नावाचा माणूस शिरला. परदेशातून येऊन इथे स्थायिक झालेला, स्वतःला माजी खेळाडू म्हणवणारा. इथल्या मुलामुलींना अमेरिकेतल्या कॉलेजांच्या संघांत शिष्यवृत्तीवर जागा मिळवून देणं हा त्याचा धंदा. कुणाच्या तरी काँडोच्या फंक्शन रूममध्ये त्याने बैठक घेतली. संग्रामला जायचं नव्हतं, वहिनींनी नेलं, आणि त्याने मला ओढलं. डॅरेनने मुलींना एकेक करून पुढे बोलावलं. भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात पसरायला लावले, पंजा टेबलावर ठेवून टेपने मापला. रेवाची पाळी आली तेव्हा त्याने आधी संग्रामची उंची विचारली, मग वहिनींची, मग वहिनींच्या भावांची. मग म्हणाला, मनगटाचा एक्स-रे काढून घ्या, हाडं अजून किती वाढतील ते कळेल. मिडफिल्डर मुली त्याला ढिगाने मिळतात, पण एवढ्या लांब हातांची गोलकीपर असेल तर “हिला मी विकू शकतो,” असं तो इंग्रजीत, हसत, रेवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. खोलीतल्या आयाबापांनी रेवाकडे हेव्याने बघितलं. ती खेळते कशी हे त्याने तिला विचारलं नाही. ती खेळताना त्याने तिला पाहिलंही नव्हतं.

बाहेर आल्यावर संग्राम स्विमिंग पूलच्या कठड्याला धरून उभा राहिला. “बाजारात बैलाचं तोंड उघडून दात बघतात, तसं बघितलं रे त्यानं माझ्या पोरीला. आणि आपण दोघं खुर्चीत बसून होतो.”

घरी दोन आठवडे धुसफूस चालली. वहिनींचंही चूक नव्हतं. त्या इथे ऑडिटचं काम करतात, त्यांना मुलीचं पुढचं शिक्षण दिसत होतं. मी एकदा गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हीच सांगा यांना. ती पुढे उभी राहिली काय आणि मागे राहिली काय, चार वर्षं चांगल्या ठिकाणी शिकेल ना? यांना स्वतःचं जुनं दुखणं आठवतंय.” ते खरं होतं. तेवढ्यात रेवाच आतून आली. “बाबा, इट्स ओके लाह. मी होते गोलकीपर. तुम्ही दोघं भांडू नका, प्लीज.” तिने ते इतकं सहज म्हटलं की वहिनींना हायसं वाटलं. संग्राम मात्र तिच्याकडे बघतच राहिला.

मग त्याने मला आजही न उलगडणारी एक गोष्ट केली. डॅरेनने सुचवलेल्या ट्रेनरला नकार दिला आणि तो स्वतः तिला शिकवू लागला. ऑफिसातून आला की तडक राहत्या ब्लॉकमागच्या गवतावर. मी कधीमधी बघायला जायचो. तो चेंडू हलकेच टाकायचा आणि ती झेपावायची. “कोपर नको टेकवू. कुशीवर पड, रेवा. कुशीवर.” पन्नाशीचा माणूस स्वतः जमिनीवर पडून दाखवायचा आणि उठताना गुडघा धरायचा. मी विचारलं, तुला पटत नाही तर करतोस कशाला? “तिला पडायचंच असेल तर नीट पडू दे की,” तो म्हणाला, “दुसऱ्या कुणी शिकवलं तर मनगट मोडून घेईल.” आणि ती फार चांगली गोलकीपर झाली. याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटायचं. प्रत्येक चांगल्या झेलानंतर त्याचा चेहरा एखाद्याने कडू औषध पाजल्यासारखा व्हायचा.

निवडीच्या दिवशी डॅरेनने एक मैदान भाड्याने घेतलं होतं. अमेरिकेहून आलेले कोच फोल्डिंग खुर्च्यांवर ओळीने बसले होते, मुलींच्या मांड्यांवर नंबराचे स्टिकर चिकटवले होते. एक कोच बाई टॅब्लेटवरून मानच वर काढत नव्हत्या. एका मुलीचा पाय मुरगळला, ती कडेला बसून रडत होती, आणि तिचा बाप धावत आला तो डॅरेनला विचारायला की हिची खेळायची राहिलेली मिनिटं पुढच्या गटात भरून मिळतील का. आम्ही दोघांनी ते ऐकलं. संग्रामने आपल्याजवळची बर्फाची पिशवी नेऊन त्या मुलीच्या पायाला बांधली. रेवाने त्या दिवशी जवळजवळ सगळं अडवलं. पुढच्या आठवड्यात एका कॉलेजच्या कोचने व्हिडिओ कॉलवर तिला जागा देतो असं सांगितलं. डॅरेनने तिचं पोस्टर बनवून सगळीकडे फिरवलं... हातात ग्लोव्हज, वर मोठ्या अक्षरांत कॉलेजचं नाव. वहिनींनी शेजारीपाजारी पेढे वाटले.

थोड्याच दिवसांत तो कोच नोकरी बदलून दुसऱ्या कॉलेजात गेला. नव्या कोचकडे त्याची स्वतःची गोलकीपर होती. तोंडी दिलेल्या शब्दाला काही अर्थ नसतो, असं डॅरेनने आम्हांला एका हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, बसून समजावलं. हे होतच असतं, नाउमेद व्हायचं नाही. त्याने फोनमधली रेवाची मापं पुन्हा उघडली आणि म्हणाला की उंची तीच आहे, आता तिला सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीतली खेळाडू, म्हणून नव्याने बाजारात आणू, नवा व्हिडिओ करू, फक्त दोन-तीन किलो वजन वाढवायला हवं. मला वाटलं, संग्राम आता टेबल उलटणार. तो शांतपणे इंग्रजीत म्हणाला, “आजपासून माझ्या मुलीचं कुठलंही माप तुझ्याकडे राहणार नाही. माझ्यासमोर पुसून टाक.” डॅरेनने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. संग्राम तसाच बसून राहिला. शेवटी डॅरेनने पुसलं. मग संग्राम कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला, साबण लावून हात धुतले आणि परत आल्यावर पुन्हा जाऊन धुतले.

रेवा इथल्याच विद्यापीठात गेली. तिने वर्षभर चेंडूला पाय लावला नाही. बापलेक एका घरात राहून त्या विषयावर बोलत नव्हते. रागावली असशील तर रागव की, असं त्याने तिला एकदा म्हटलं तेव्हा ती म्हणाली, “रागावले नाही, बाबा. मला कळतच नाही मी कुठे उभी राहू.” हे त्याने मला सांगितलं. कुणीतरी टेप लावून मोजावं आणि एका हसऱ्या पोरीला एवढंही कळेनासं व्हावं... डॅरेन मात्र त्या वर्षीही बैठका घेतच होता, आणि फंक्शन रूम भरतच होती.

संग्राम जायच्या आधीच्या महिन्यात रेवा पुन्हा खेळायला लागली. स्पर्धा नाही, काही नाही, विद्यापीठातली आठ-दहा मुलंमुली मिळून संध्याकाळी खेळायची. संग्राम तिला न सांगता गेला, लांब झाडाखाली उभा राहून बघून आला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे चालत आला. “मधे खेळतीय,” म्हणाला. “मान वळवतीय अजून.” त्या दिवशी त्याने माझ्या ताटातलंही खाल्लं.

मंडाईच्या दाहगृहात त्याला निरोप देऊन आलो त्याच्या पुढच्या आठवड्यात डॅरेन त्यांच्या घरी आला. मी तिथेच होतो. पांढरी फुलं घेऊन आला, बूट दाराबाहेर काढले, सोफ्यावर बसला. संग्राम किती मुलीसाठी झटणारा बाप होता वगैरे बोलला. मग रेवाकडे वळला. नव्या पालकांसाठी तो एक ऑनलाइन कार्यक्रम ठेवतोय, त्यात रेवाने वडिलांनी गोलकीपर कसं घडवलं यावर पाच मिनिटं बोलावं, लोकांच्या मनाला भिडेल. आणि तिचे ते व्हिडिओ अजून आहेत त्याच्याकडे, फार सुंदर आहेत.

 मी काही बोलणार तेवढ्यात अपर्णावहिनी उठल्या. त्या दाराबाहेर गेल्या, रॅकवरचे त्याचे बूट उचलून आत आणले आणि त्याच्या पायाशी, घरातल्या फरशीवर ठेवले. आमच्या लोकांत घरात कुणी बूट आणत नाही. त्याला काय झालं ते क्षणभर कळलं नाही.

“घाला,” वहिनी मराठीतच म्हणाल्या. “आणि ते व्हिडिओ इथे बसून काढून टाका. मी बघतेय.”

त्याला शब्द कळले नसतील, हावभाव कळला. रेवाने हलक्या आवाजात इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्याने फोन काढला. वहिनी त्याच्या खांद्यामागे उभ्या राहून एकेक पुसला जाताना बघत होत्या. तो गेल्यावर त्यांनी ती फुलंही बाहेर नेऊन ठेवली आणि मगच रडल्या. संग्राम गेला त्या दिवसापासून त्या पहिल्यांदाच रडल्या, असं रेवा नंतर म्हणाली.

गेल्या शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे निघालो होतो. ब्लॉकखाली पोचलो आणि सवयीने वर पाहिलं. मैदानावरून आणलेल्या मुलींच्या पिवळ्या बिब्स, सरावात जर्सीवर घालायच्या बंड्या, संग्राम दर शनिवारी स्वतः हाताने धुवायचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घालायचा. नीट पिळायचा नाही. खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी टपकायचं आणि ती खिडकीतून डोकं काढून त्याच्या नावाने ओरडायची. वर्षानुवर्षं. तो वरून हात जोडायचा. त्या दिवशी खिडकीत रेवा होती. बिब्स ओवलेला लांब बांबू बाहेर सरकवताना तिचे दोन्ही हात ताणले होते. सकाळचा सराव तिनेच घेतला होता, हे मला नंतर कळलं. पिवळ्या रांगेतून पाणी ठिबकायला लागलं आणि खालची खिडकी धाडकन उघडली. “आइयो, मिस्टर! ड्रिपिंग अगेन लाह!”

मग आंटीने वर पाहिलं. वर मिस्टरऐवजी रेवा दिसली तशी ती आपले कपडे एकेक करून आत ओढून घेऊ लागली.