खुबा माझा, हात दुसऱ्याचे

पलंगावर उताणा पडून मी माझाच उजवा गुडघा डाव्या खांद्याकडे ओढत होतो. दुसऱ्या हाताने पाऊल बाहेर फिरवायला गेलो आणि थेट फरशीवर आलो. घरी मी एकटाच. हसायलासुद्धा कोणी नव्हतं.

मी फिजिओथेरपिस्ट. नागपुरात लोकांचे सांधे हलवून पोट भरतो. करत होतो ती हिप इम्पिंजमेंटची टेस्ट. खुब्यात एक वाटी असते, तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो. हाड जरा जास्त वाढलेलं असलं, की पाय दुमडताना ते वाटीच्या कडेला अडकतं आणि जांघेत कळ येते. टेस्टसाठी पाय सैल सोडावा लागतो. आपणच ओढायचा आणि आपणच सैल सोडायचा, हे जमत नाही. विद्यार्थ्यांना हे मीच शिकवतो.

कित्येक महिने मी ‘स्नायू ताणला’ म्हणत शेक घेत होतो. पेशंटने असं केलं तर मी रागावतो.

खरी पंचाईत रविवारची. नागपूरजवळ कुहीला माझा मित्र दिनकर राहतो. त्याच्याकडे दर रविवारी जेवण, जमिनीवर मांडी घालून. आठवड्यातलं माझं तेवढंच सोबतीचं जेवण. मांडी घालता येईना, तसं मी जाणंच सोडलं. फिजिओथेरपिस्टने कोणत्या तोंडाने सांगायचं?

दिनकरचा फोन आला. “काहून येऊन नाही राहिला गा? तुझी वहिनी म्हणते, भाजी खारट झाली होती का?”

“कॅम्प आहे रे.”

“दर रविवारी?”

शेवटी नागपुरातल्याच जरीपटका भागात पल्लवीच्या क्लिनिकमध्ये गेलो. माझीच जुनी विद्यार्थिनी.

“कुठं दुखते, सर?”

मी अंगठा मागे, बोटं जांघेकडे करून खुबा पकडला. ती खुदकन हसली.

“असा पकडला की खुब्यावर संशय घ्या, हे त तुम्हीच शिकवलं आम्हाले!”

तिने पाय दुमडून आत झुकवला, पाऊल बाहेर फिरवलं. मी ओरडलो.

“सैल सोडा नं सर. मी धरून आहे.”

सोडायला वेळ लागला. सवय नव्हती.

नुसत्या कळेवर निदान होत नाही. एक्स-रेत हाडावर उंचवटा दिसला, तेव्हा ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी नक्की सांगितलं. व्यायाम सुरू, मांडी बंद.

दिनकरला खरं सांगितलं. रविवारी गेलो, तर दिवाणावर माझं ताट होतं. शेजारी त्याचंही.

“तुले काय झालं?” मी विचारलं.

“जेव मुकाट्यानं.”

बाकीचे सहा दिवस मी खुर्चीवर एकटाच जेवतो. दुखणं लपवून खुबा सुधारला नाही. रविवार तेवढे गेले.